सड्यावरच्या पवनचक्क्या बदलण्याआधी पर्यावरणाचा आढावा घ्या

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : सातारा जिल्ह्यातील सड्यांवरील जुन्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या उभारण्यापूर्वी, त्यांच्या वीजवाहिनीसह एकत्रित पर्यावरणीय आढावा घेण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे वर चढले की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार, लागतो आणि तिथून पुढे पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयावर वनकुसवड्याचे पठार येते. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून या सड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या पहिल्यांचे वय आता संपत आले आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये जुन्या पवनचक्क्यांच्या नूतनीकरणाचे धोरण आणले. 2 मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेच्या किंवा आयुष्य संपलेल्या चक्क्या काढून त्या जागी मोठ्या चक्क्या बसवता याव्यात, हा त्याचा हेतू. साताऱ्यातल्या जुन्या चक्क्यांपैकी बहुतेक या व्याख्येत बसतात. म्हणजे येत्या काही वर्षांत हे सडे पुन्हा एकदा खणले जाणार. पहिल्या वेळी इथे काय जगते याची कोणी नोंद घेतली नाही. या वेळी ती घेतली जावी, आणि चक्क्या व त्यांची वीजवाहिनी यांचा आढावा एकाच वेळी, एकाच अहवालात व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पवनऊर्जेला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कोळशाची राख आणि धूर चंद्रपूर, कोराडी, परळीच्या लोकांनी किती वर्षे सोसला हे आपण जाणता. वारा हवाच आहे. महाराष्ट्रात आज 5 हजार मेगावॉटहून जास्त पवनऊर्जा क्षमता आहे आणि ती वाढली पाहिजे.

पण कायद्यात एक मोठी फट राहिली आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात औष्णिक, जलविद्युत आणि अणुऊर्जा प्रकल्प आहेत, पवनऊर्जा नाही. त्यामुळे पवन प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, मूल्यांकन अहवाल लागत नाही, जनसुनावणीही लागत नाही. 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची जी ‘पांढरी’ श्रेणी केली, तिच्यात पवनऊर्जा गेली. धूर आणि सांडपाणी एवढेच मोजायचे असेल तर ते योग्यच आहे. वीजवाहिनीचेही तेच. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 164 नुसार वाहिनी टाकणाऱ्याला 1885 च्या तारयंत्र (टेलिग्राफ) कायद्यातले, इतरांच्या जमिनीतून तारा नेण्याचे अधिकार देता येतात. वनजमीन आली तरच वन खात्याकडे जावे लागते, अभयारण्य आले तरच वन्यजीव मंडळाकडे. सड्याचा मोठा भाग मात्र खासगी किंवा महसुली आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराब, नकाशावर पडीक. मग त्याच्या बाजूने बोलायला कोणतेच खाते उरत नाही.

या ‘पडीक’ जमिनीवर काय आहे ते आपल्यासमोर ठेवतो. जांभ्या खडकावर काही बोटे मातीचा थर, आणि त्यावर पावसाळ्यात उगवणारे गेंद, तेरडा, सीतेची आसवे. कासचे पठार 2012 मध्ये जागतिक वारशात गेले, पण चाळकेवाडीचा सडा त्याच डोंगररांगेतला आहे. गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाची पंख्यासारखी झालर उघडणारा सरडा इथलाच. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र जाती म्हणून नोंदवले, ‘सरडा सुपर्बा’ असे नाव दिले, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो चाळकेवाडीचा. जगाच्या विज्ञानात ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून एक प्राणी ओळखला जातो, त्या ठिकाणी खोदकाम करण्याआधी कोणाला काही विचारावे लागत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

याच सड्यावर एक मोलाचा अभ्यास झाला आहे. आपल्या विभागाने तो वाचावा अशी विनंती आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चार पटींनी कमी होते. शिकारी कमी झाले म्हणून सरडे वाढले. वरवर पाहता सरड्यांचे भले झाले असे वाटेल. पण ते सरडे रोडावलेले होते, माणूस जवळ गेला तरी उशिरा पळत होते, त्यांच्या शरीरातील ताणाच्या संप्रेरकाची प्रतिक्रिया मंदावली होती आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले होते. आकाशातून घार-गरुड हटले आणि त्याचा परिणाम जमिनीवरच्या प्राण्याच्या रक्तापर्यंत पोहोचला. अभ्यासकांच्या मते इथे चक्कीच सर्वांत वरच्या भक्षकासारखी काम करत होती.

मेलेले पक्षी मोजून हे कधीच कळले नसते. बहुतेक ठिकाणी आढावा म्हणजे चक्कीखाली पडलेल्या पक्ष्यांची मोजदाद असा समज आहे. कोल्हे-कुत्रे रात्रीतून मृत पक्षी उचलून नेतात, आणि जे पक्षी घाबरून तो भागच सोडून गेले ते तर चक्कीखाली पडतच नाहीत. म्हणून चक्क्या उभारण्याआधीची स्थिती नोंदवणे अटळ आहे. जुन्या चक्क्या काढल्यानंतर आणि नव्या बसवण्याआधी जो मोकळा काळ मिळेल, तो तर पुन्हा मिळणारच नाही. त्या काळात भोवत्या, खरुची, सापमार गरुड हे शिकारी पक्षी परत येतात का, किती आणि कुठून, हे पाहता येईल.

आणि हा आढावा एका हंगामात उरकता येणार नाही. सड्याचे वर्ष तीन तुकड्यांत मोडते. एप्रिल-मेमध्ये सरड्यांचा विणीचा काळ असतो, नर दगडावर चढून झालर उघडतात. जूनपासून धुके आणि पाऊस, त्यात फुले आणि बेडूक. चक्क्याही याच काळात सर्वाधिक वीज देतात. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात आणि गवतावरून खालून उडत शिकार करतात. सल्लागार कंपनी डिसेंबरमध्ये चार आठवडे फिरून गेली, तर तिला फुलेही दिसणार नाहीत आणि सरड्यांची वीणही. किमान एक पूर्ण वर्ष हवे.

आता वीजवाहिनीकडे येतो, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चक्क्या एका सड्यावर असतात, वाहिनी मात्र दऱ्या, गावे, शेते ओलांडत उपकेंद्रापर्यंत जाते. 220 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिनीसाठी 35 मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे किलोमीटरमागे साडेतीन हेक्टर, आणि वीस किलोमीटरला 70 हेक्टर. त्या पट्ट्यात उंच झाडे वाढू देत नाहीत. सह्याद्रीच्या उतारावर असा सलग पट्टा काढणे म्हणजे जंगलाचे दोन तुकडे करणे. शिवाय चक्क्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या 33 केव्हीच्या तारा असतातच, आणि त्या खाली असल्यामुळे पक्ष्यांना जास्त घातक.

तारांनी काय होते ते राजस्थानने दाखवले आहे. थरच्या वाळवंटातल्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटर क्षेत्रात वीजतारांमुळे वर्षाला अंदाजे 84,000 पक्षी मरतात, असे भारतीय वन्यजीव संस्थेने मांडले. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचे त्याला कमी दिसते आणि देह जड असल्याने ऐनवेळी वळता येत नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले आणि आज तिथे तो जवळजवळ दिसत नाही. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, पण माळरानाला पडीक समजणे हे त्यांतले मोठे कारण आहे. सड्याबाबत आपण तेच करत आहोत.

आढावा म्हणजे विलंब, असे ऊर्जा विभाग म्हणेल. मंत्रिमहोदय, विलंब कशाने झाला ते पाहा. थरमध्ये चक्क्या, सौर पॅनेल आणि तारा आधी उभ्या राहिल्या, पक्ष्यांचा विचार नंतर. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, मार्च 2024 मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. या मधल्या काळात कंपन्या, पारेषण यंत्रणा आणि पक्षी तिघेही अनिश्चिततेत राहिले. एका वर्षाचा आढावा आधी झाला असता तर तारांचा मार्ग तेव्हाच बदलता आला असता.

पक्षी वाचवायचे तर वीज बरीच कमी होते, हेही खरे नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा परिसरात ज्या चक्क्यांजवळ गिधाडे येतात त्याच चक्क्या तेवढ्या वेळापुरत्या थांबवल्या. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वीजनिर्मिती फक्त 0.07 टक्क्याने घटली. कॅलिफोर्नियातील आल्टामाँट खिंडीत सोनेरी गरुड मरत होते. तिथे जुन्या चक्क्या बदलण्याआधी स्थानिक काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, 2014 मध्ये आपल्या हद्दीतील परिसराचा एकत्रित आढावा मंजूर केला. आपल्यासमोर आज अगदी तोच प्रसंग आहे.

मोठ्या चक्कीमुळे चक्क्यांची संख्या कमी होईल, हा नूतनीकरणाचा खरा फायदा आहे आणि मी तो मान्य करतो. पण मोठ्या चक्कीचे पाते पन्नास-साठ मीटरचे असते. ते वर न्यायला घाटरस्त्याची वळणे रुंदावावी लागतात. भीमाशंकरजवळच्या पवन प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लिहिले आहे : रस्त्यांसाठी काढलेला राडारोडा उतारावर टाकला गेला आणि तो खाली शेतांत, ओढ्यांत, जलाशयात गेला. सड्याखाली कोयना आहे, उरमोडी आहे. तिथे हे पुन्हा होऊ नये.

गावांचेही ऐकले पाहिजे. 2006 च्या अधिसूचनेत जनसुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना आणि स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश सक्तीचा आहे. पवन प्रकल्पात गावकऱ्यांपर्यंत पोहोचतो तो एजंट आणि ना हरकत दाखल्याचा कागद. तारेचा मार्ग बहुतेकांना मनोऱ्याची आखणी सुरू झाल्यावर कळतो. गुरे कुठे चरतात, झरा कुठे आहे, गरुडाचे घरटे कोणत्या कड्यावर आहे, हे त्याच माणसांना माहीत असते.

अधिसूचनेचे परिशिष्ट बदलणे केंद्राच्या हातात आहे, त्यासाठी राज्याने लेखी मागणी करावी. पण तोवर थांबण्याची गरज नाही. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या परवानगीत आणि राज्याच्या ऊर्जा धोरणात चक्क्या व वाहिनी यांच्या एकत्रित आढाव्याची अट आपले सरकार घालू शकते. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांच्या नोंदवह्या त्या आढाव्याचा भाग होऊ शकतात. आढावा करणारी संस्था प्रकल्प कंपनीने नव्हे, तर महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने निवडावी, पैसे मात्र कंपनीने द्यावेत. ही एक अट बाकी सगळ्यांहून महत्त्वाची आहे. ज्याचे पैसे त्याचा अहवाल अशी आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे.

सुरुवातीला एक साधे काम करता येईल. सातारा जिल्ह्यातील प्रत्येक पवनचक्कीचे आणि तिच्या तारांचे नेमके स्थान, बसवल्याचे वर्ष आणि क्षमता असा नकाशा विभागाने मराठीत प्रसिद्ध करावा. ही माहिती सरकारकडे विखुरलेली का होईना, आहेच. ती येत्या एप्रिलपूर्वी, सरड्यांची वीण सुरू होण्याआधी लोकांसमोर आली, तर अभ्यासकांना पहिल्या हंगामाच्या नोंदी लगेच सुरू करता येतील.

आपला विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक