बाईंची के-एनची वही

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण मला हसले तेही चारचौघांसमोरच. आयटीआय करून टर्नर (लेथवर धातू घडवणारा) झालो आणि पहिल्याच मुलाखतीत ड्रॉइंगवरचा एक शब्द मोठ्याने वाचायला सांगितला. के, एन, यू, आर, एल. मी दणक्यात म्हणालो, "कनर्ल!" टेबलापलीकडचे तिघे हसले, कारण उच्चार 'नर्ल', त्यातला के मुका. आता खरी गंमत अशी, की नर्लिंग (धातूवर खरखरीत जाळी उठवणं) मी दोन वर्षं रोज करत होतो. शब्द कानाने शिकलेलो, डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. नोकरी गेली. कंपनी कुठली ते राहू दे.

त्या संध्याकाळी आमच्या गिरणीतलं दळण पोचवायला तुमच्याकडे आलो, तर तुम्ही विचारलंत, "तोंड का रे उतरलंय?" सगळं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "चुकीचं नाही वाचलंस. तीनशे-चारशे वर्षं उशिरा वाचलंस."

मग पिठाचा डबा तसाच बाजूला ठेवून तुम्ही तासभर बोलत होतात. हा क पूर्वी चांगला खणखणीत म्हणायचे. इंग्लंडात १४७६ साली छापखाना आला, स्पेलिंगं हळूहळू बसत गेली. बोलणं मात्र पुढे सरकत राहिलं आणि सतराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे महाराजांच्या काळात, एन-च्या आधीचा हा क तिकडे जिभेवरून गळायला लागला. कागदावर तो तसाच बसून राहिला. वर तुम्ही मलाच विचारलंत, "तू 'ज्ञान' लिहितोस तेव्हा ज आणि ञ लिहितोस. म्हणतोस काय? द्न्यान. हिंदीवाले ग्यान म्हणतात. कुणी हसतं का?"

पुढच्या आठवड्यात ती दोनशे पानी वही हातात ठेवलीत. वर लिहिलेलं 'के-एन', आत सगळे लहान लहान शब्द. नी म्हणजे गुडघा. निट म्हणजे विणणे. नीड, मळणे (आईला हा फार आवडला). नॅक म्हणजे हातोटी, नोल म्हणजे टेकाड, नेल म्हणजे मयताची घंटा. नॉट म्हणजे गाठ, आणि त्याच्यापुढे तुम्ही जहाजाचं चित्र काढलं होतंत. गाठी मारलेला दोर समुद्रात सोडायचा, वाळूचं घड्याळ सरेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं, तो वेग. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मायक्रोमीटर वापरणाऱ्याला असला आकडा दिला की तो शब्द विसरत नाही, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळा उघडलं ते नाइट आणि नेव्ह यांचं पान. रात्रीचा नाइट नव्हे, के लावलेला, घोड्यावरचा सरदार. आणि नेव्ह म्हणजे लबाड माणूस, पत्त्यांतला गुलामही. तुम्ही लिहिलं होतंत की दोन्ही शब्दांचा जुना अर्थ एकच: पोरगा. पोरगा म्हणून हाताखाली राबणारा, म्हणून नोकर. तिथून एकाला घोडा मिळाला आणि दुसऱ्याच्या नशिबी बदनामी आली. खाली तुमची टीप, "आपला 'गडी' बघ. पुरुषही तोच, खेळातला भिडूही तोच, आणि घरकामालाही गडीच." मुलाखतीचा दिवस आठवला की मी हे पान वाचायचो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

गुडघ्याच्या पानावर तर आपलंच घर निघालं. संस्कृतात जानु, लॅटिनमध्ये गेनू, जुन्या इंग्रजीत क ऐकू येणारा नी. आजानुबाहू म्हणतो त्यातला जानु! जाणणे आणि के-एनवाला नो यांचंही तसंच नातं, मूळ ग-सारखा आवाज आपल्याकडे ज झाला आणि त्यांच्याकडे क. ग-चा क होण्याचा हा हिशेब १८२२ मध्ये नीट मांडणारा याकोब ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला, हे वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आता मुख्य बातमी. सध्याच्या कारखान्यात गेल्या महिन्यात जर्मन मशीन आलं आणि ते बसवायला त्यांचा माणूस आला. बटणाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "क्नोप्फ." बाई, क स्वच्छ ऐकू आला! मी न राहवून माझ्या गुडघ्यावर हात मारला आणि विचारलं, "क्नी?" तो खूश होऊन म्हणाला, "या, या, क्नी!" दिवसभर मग जो शब्द सुचेल तो त्याला विचारत होतो. जर्मनांनी तो क अजून सोडलेला नाही. आमचा फोरमन म्हणाला, याला जर्मन कधीपासून यायला लागलं?

मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्हाला मात्र आभाराचा शब्द कधी बोललो नाही, तो आज लिहितोय. मनापासून आभार, बाई.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही नर्ल लिहून पुढची जागा कोरी ठेवली होतीत, "याचा अर्थ तू भर" म्हणून. सहा वर्षं ती कोरीच आहे. आता भरतो. नर्लिंग म्हणजे फिरत्या जॉबवर (लेथवर लावलेल्या तुकड्यावर) कडक रोलर दाबून उठवलेली बारीक जाळी, हात घसरू नये म्हणून. धातू कापायचा नाही, दाबायचा. लेथ हळू चालवायचं, तेल सोडायचं.

आई सांगत होती, तुमची काठी हातातून सटकते. नवी मूठ अॅल्युमिनियममध्ये करतोय, डायमंड नर्लिंग (शंकरपाळ्यांसारखी जाळी), बारीक पिचचं, हाताला टोचणार नाही असं. काठीच्या नळीचं माप तेवढं कळवा. दोऱ्याने घेर मोजून पाठवलात तरी चालेल, ३.१४ ने मी भागून घेतो.

तुमचा,
गिरणीवाल्यांचा मुलगा