बॉलरूम नाचणाऱ्या मुलांच्या पालकांना सूचना : कॉलेजची यादी पक्की करण्याआधी

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत बॉलरूम (जोडीने करायचा नाच) हा विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब असतो. स्पर्धा, सराव, वर्गणी सगळं तेच पाहतात. भर नवशिक्यांवर. त्यामुळे गोल्डच्या (ब्राँझ, सिल्व्हरनंतरची पातळी) वर नाचणाऱ्याला अनेकदा जोडीदार मिळत नाही आणि बराच वेळ इतरांना शिकवण्यात जातो. म्हणून क्लबच्या कॅप्टनला आधी हेच विचारा : गोल्ड आणि त्यावर किती जोड्या आहेत, आणि त्यांत लीड (जोडीला नेणारे) कमी आहेत की फॉलो (त्यांच्यामागे जाणारे)? मग कोच आठवड्याला किती तास येतो, लाकडी फ्लोअर रात्री मिळतो का, जवळच्या स्टुडिओपर्यंत गाडीशिवाय जाता येतं का. स्टँडर्ड-लॅटिनबरोबर (आंतरराष्ट्रीय शैली) स्मूथ-ऱ्हिदमही (अमेरिकन शैली) आहे का, तेही.

शुक्रवारी दुपारची लॅब असलेली शाखा निवडली, तर बाहेरगावच्या शनिवारच्या स्पर्धा हुकू शकतात. हे वेळापत्रक आधीच तपासा.

युटातल्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीचा बॉलरूम संघ नावाजलेला; पण विद्यापीठ मॉर्मन चर्चचं आहे. इतरांना फी जास्त, शिवाय आचारसंहितेत दारूसोबत चहा-कॉफीही वर्ज्य. मुलाला हे अर्ज भरण्याआधी सांगा.

भेट द्यायची तर सरावाच्या संध्याकाळी जा, शूज बरोबर घेऊन. दुपारच्या कॅम्पस टूरमध्ये यातलं काहीच दिसत नाही.