माळवदाखालची पहाट

किल्लारी भूकंपाच्या स्मृतिदिनी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. गावकऱ्यांच्या जिद्दीचे कौतुक योग्यच. पण इतकी माणसे कशामुळे गेली, हेही त्यात यायला हवे होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना, मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, माती अंगावर कोसळली. सास्तूरची माझी आत्या आजही निजताना दाराला कडी लावत नाही. शेजारी मात्र वाढीव खोली पुन्हा तशाच दगड-मातीची उभी राहते आहे, हे पाहून जीव तुटतो. बांधकाम परवानगी देताना भूकंपात भिंती एकसंध धरून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे भिंतींत आहेत का, हे ग्रामपंचायतींनी जागेवर जाऊन पाहावे.

– एक वाचक, लातूर