सिएटलहून दत्ताला

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "कंपन्यांचा खरा खेळ दिल्लीत. नगरपालिकेत काय, गटाराचं टेंडर!" तेव्हा ही जेवायला हाका मारत होती म्हणून वाद घातला नाही. आता घालतो.

२०१८ च्या मे महिन्यात इथल्या नगरपरिषदेने मोठ्या कंपन्यांवर कर बसवला. दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलर, त्यातून बेघरांसाठी घरं. ९ विरुद्ध ० मतांनी मंजूर! अ‍ॅमेझॉनने आधीच एका टॉवरचं काम थांबवून डोळे वटारले होते. मग कर रद्द करायला सह्यांची मोहीम निघाली आणि महिना भरायच्या आत त्याच नगरसेवकांनी ७ विरुद्ध २ मतांनी कर मागे घेतला. त्या दोघींतली एक आपली क्षमा सावंत, पुण्यात जन्मलेली, मुंबईत वाढलेली. (तिची सगळी मतं मला पटत नाहीत, पण कण्याला दाद द्यावी लागते.)

२०१९ च्या निवडणुकीत अ‍ॅमेझॉनने व्यापारी मंडळाच्या निवडणूक निधीत जवळपास १५ लाख डॉलर ओतले, क्षमासारख्यांना पाडायला. नगरसेवकांच्या निवडणुकीत, दत्ता! आकडा पेपरात आला आणि माणसं खवळली. पहिल्या रात्री क्षमा मागे होती. टपाली मतं मोजता मोजता निवडून आली. पुढच्या वर्षी गलेलठ्ठ पगारांवरचा कर बसला, तो टिकला.

२०१९ मध्येच त्याच कंपनीने वॉशिंग्टन डीसीत लॉबिंगवर, म्हणजे खासदार-सरकारचं मन वळवण्यावर, त्या १५ लाखांच्या दहापट खर्च केला. तिथे दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो, सगळं कागदावर असतं. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. कुठल्या विधेयकातला कुठला शब्द बदलला, यावर कोण खवळणार? नगरसेवक मात्र शनिवारी भाजीबाजारात भेटतो.

आपल्याकडे निवडणूक रोखे कुणी घेतले हे कळायला २०२४ उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टाने कान पिळल्यावर. म्हणजे दिल्लीबद्दल तुझं बरोबरच आहे. पण तुमच्या मैदानाचं आरक्षण उठलं, तेव्हा हरकती मागवल्याची नोटीस पेपरात आली होती ना? तू वाचलीस?

मीही काही शहाणा नाही. इथे उमेदवाराला द्यायला महापालिकाच प्रत्येकाला २५ डॉलरची चार व्हाउचरं देते. २०१९ ची माझी चारही ड्रॉवरमध्ये वीजबिलांखाली सापडली, गेल्या रविवारी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर