गरम पाण्याचा विचार नकाशातच हवा

संपादक महोदय,

नवे घर बांधताना फरशीवर महिनाभर खल होतो, गरम पाण्याचा विषय मात्र प्लंबर दारात आल्यावर निघतो. साठवणीच्या गिझरला बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टार लेबल बंधनकारक आहे. पण नुसते स्टार मोजू नका, पाणी तापवून ठेवल्यावर चोवीस तासांत किती युनिट वाया जातात तो आकडाही वाचा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ४.७ युनिट लागतात. त्यात कुठलाही गिझर सूट देत नाही. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला साधारण तिसरा हिस्सा वीज पुरते, पण त्याला मोकळी हवा हवी, बंद माळा चालत नाही.

सोलर वॉटर हीटरचे तोंड दक्षिणेला हवे. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्याहून वर हवा. स्लॅब पडल्यावर हे सुचले की लोखंडी स्टँडचा भुर्दंड आलाच. सोलर टाकीची हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपला बूच मारू नका, टाकी फुगते. आणि पाइपलाइन! आतून २० मिलिमीटरच्या १५ मीटर पाइपात जवळपास पावणेपाच लिटर पाणी मावते. रोज सकाळी तेवढे गार पाणी आधी मोरीत जाते. न्हाणीघर शक्यतो सोलर टाकीच्या खालीच घ्या, पाइपला फोम गुंडाळा. आषाढात इथे ऊन दिसत नाही, तेव्हा टाकीत विजेच्या कॉइलची सोय ठेवा.

– एक वाचक, कोल्हापूर