कोनमापक द्या, पण पारखून द्या. आणि जमल्यास दोन संध्याकाळी द्या

नवी मुंबईत घणसोली, रबाळे आणि तुर्भे स्टोअर परिसरातल्या आमच्या तीन संध्याकाळच्या अभ्यासवर्गांत पाचवी-सहावीची मुलं सध्या कोन शिकताहेत. त्यासाठी चांगले कोनमापक हवे आहेत आणि मुलांच्या शेजारी बसून त्यांचा हात पाहणारी माणसं हवी आहेत. पैसे नकोत, वस्तूच द्या. कोनमापक कसा आहे यावर इथे बरंच काही अवलंबून असतं.

बहुतेक कोनमापकांत ० ते १८० ची आधाररेषा प्लास्टिकच्या कडेवर नसते, कडेच्या काही मिलिमीटर वर असते. मूल मात्र कडच भुजेवर टेकवतं. कड आणि रेषेत ५ मिलिमीटरचं अंतर असेल आणि अंशांचं वर्तुळ ५ सेंटिमीटर त्रिज्येचं असेल, तर ५० अंशांचा कोन ४६ च्या आसपास वाचला जातो. गंमत म्हणजे काटकोन अगदी बरोबर ९० येतो. म्हणून चूक लपून राहते आणि मुलाला वाटतं की आपल्याला जमलं. समभुज त्रिकोण मोजायला द्या, म्हणजे ती लगेच उघडी पडते: प्रत्येक कोन ५७ येतो आणि तिघांची बेरीज १७१!

म्हणून देणाऱ्यांना विनंती, कोनमापक पूर्ण पारदर्शक असावा. रंगीत किंवा दुधी प्लास्टिक नको, कारण खालची भुजा दिसली पाहिजे. आधाररेषा आणि मध्यबिंदूची खूण ठळक असावी. अंक कागदाला टेकणाऱ्या बाजूवर छापलेले असावेत. वरच्या बाजूवर असले तर तिरकं पाहणारं मूल एक-दोन अंशांनी चुकतं. घरात पडून असलेला जुना कोनमापकही चालेल, पण आधी तपासा: कागदावर रेषा ओढून तिच्यावर बिंदू घ्या, ९० ची खूण करा, मग कोनमापक पालथा घालून त्याच बिंदूवर पुन्हा ९० ची खूण करा. दोन्ही खुणा एकावर एक आल्या नाहीत तर तो देऊ नका.

एका वर्गात ३० मुलं आहेत. फुटतूट धरून वर्गाला ३५, म्हणजे एकूण १०५ कोनमापक लागतील. सोबत एचबी पेन्सिली, शार्पनर, १५ सेंटिमीटरच्या पट्ट्या आणि कोरे कागद. कागद रेघी नकोतच. रेघांच्या वहीत मुलं पायाची भुजा नेहमी आडवीच काढतात आणि मग पुस्तकातला तिरका कोन समोर आला की अडतात. पेन्सिलीला टोकही हवंच. ५ सेंटिमीटर त्रिज्येवर १ अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर, बोथट टोकाचा ठिपका तेवढा सहज खातो.

फळ्यासाठी प्रत्येक वर्गाला एक मोठा कोनमापक हवा आहे. रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात अ‍ॅक्रिलिक कापणारे कारखानदार आहेत, त्यांना खास विनंती. ३ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, २५ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, आधाररेषेखाली २ सेंटिमीटर पट्टी. खुणा मागच्या बाजूने उलट्या कोरा, म्हणजे समोरून सुलट दिसतील आणि फळ्याला टेकतील. मध्यबिंदूला २ मिलिमीटरचं भोक ठेवा. त्यातून दोरा ओवला की तीच फिरती भुजा होते. या आकारात दर १० अंशांमध्ये सुमारे ४.४ सेंटिमीटर अंतर येतं, शेवटच्या रांगेतूनही ते दिसतं.

आता माणसांबद्दल. गणिताची पदवी नको, दीड-दीड तासाच्या दोन संध्याकाळी पुरेत. एकाने पाच-सहा मुलांजवळ बसायचं आणि उत्तराआधी हात पाहायचा. मोजण्याआधी मुलाकडून वदवून घ्यायचं: हा लघुकोन की विशालकोन? हे ठरलेलं असलं की ५० च्या जागी १३० लिहिणं थांबतं. तरी गोंधळ झालाच, तर पायाच्या भुजेवर जो ० आला असेल त्याच ओळीने मोजत जायला सांगायचं, आतली असो वा बाहेरची. भुजा आखूड असेल आणि अंशांपर्यंत पोचत नसेल तर आधी पट्टीने वाढवून घ्यायची. मुलं इथे अंदाजाने आकडा लिहितात, ते चालवून घेऊ नका.

६५ अंशांचा कोन काढताना आधी किरण ओढायचा. आरंभबिंदूवर मध्यबिंदूची खूण, किरणावर आधाररेषा. किरणावरच्या ० पासून ६५ पर्यंत जाऊन बारीक ठिपका. मग कोनमापक उचलायचा आणि पट्टीने ठिपका आरंभबिंदूला जोडायचा. कोनमापक तसाच ठेवून त्याच्या गोल कडेने रेघ ओढू पाहणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. शेवटी किरण आरंभबिंदूच्या मागे वाढवून दुसऱ्या बाजूचा कोन मोजायला लावा. तो ११५ आला पाहिजे.

साहित्य सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत तिन्हीपैकी कुठल्याही वर्गात आणून द्यावं. यायचं असेल तर तेव्हाच नाव नोंदवा. कोनमापक दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. पट्ट्या आणि कर्कटक सोबत एकाच पिशवीत टाकले तर ओरखडे पडतात आणि अंक पुसले जातात.