तेरेखोल ते पोळे: सायकलवाटेला पाटी द्या, मुक्कामाला शाळा द्या

मा. पर्यटनमंत्री,
गोवा राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहणारा एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. गेल्या हिवाळ्यात मी, माझी मुलगी आणि तिची मैत्रीण असे तिघे तेरेखोलहून पोळ्यापर्यंत, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सायकलने गेलो. प्रवासाला पाच दिवस लागले आणि तो आखायला तीन आठवडे. हे पत्र त्या तीन आठवड्यांबद्दल आहे.

पत्रादेवीहून पोळ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 66 ने गेले तर दीडशे किलोमीटरही भरत नाहीत. परंतु तो रस्ता सायकलस्वारासाठी नाही, आणि बाळ्ळीच्या पुढचा करमल घाट तर मुळीच नाही. म्हणून आम्ही आतली वाट धरली. तेरेखोलहून फेरीबोटीने केरी, मग मांद्रे, शिवोली, हळदोणे, खोर्जुवेचा किल्ला, मये, चोडण आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने रायबंदर. पुढे जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, फोंडा, शिरोडा, सावर्डे, सांगे, रिवण. उसगाळीमळची कातळशिल्पे पाहून केपे आणि बाळ्ळीमार्गे बेतुल, आणि शेवटी काब द राम, आगोंद, पाळोळे, लोलये, पोळे. वळसे धरून हे अंतर अंदाजे अडीचशे किलोमीटर होते. दिवसाला पन्नास किलोमीटर या हिशेबाने साठीच्या माणसालाही ते झेपते; बेतुलनंतरचे चढ मात्र मी बरेचसे सायकल हातात धरून चालत पार केले, हे प्रांजळपणे सांगतो.

यात एकही नवा रस्ता लागला नाही. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे, पण चोडणची फेरीबोट आहे. तिच्यात सायकल सहज चढते आणि नदी ओलांडताना पायांना विश्रांतीही मिळते. आपल्या नद्यांनी जी वाट पूर्वीपासून आखून ठेवली आहे, तिला फक्त कोणी सलग जोडलेली नाही. केरीच्या फेरीची वेळ आम्ही विचारून ठेवली होती, परंतु पाणी उतरलेले असले की ती बोट थांबते, हे आम्हाला धक्क्यावर गेल्यावर समजले. आमच्याकडे ज्याला सुकती म्हणतात, तिचे वेळापत्रक महिनाभर आधी छापता येते. ते धक्क्यावर आणि आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर एकत्र असते, तर आमची पहिलीच सकाळ वाया गेली नसती.

खरी अडचण मुक्कामाची होती. किनाऱ्यावर खोल्यांना तोटा नाही. सांगे, रिवण, केपे या पट्ट्यात मात्र मी अनेक ठिकाणी दूरध्वनी केले. एका ठिकाणी एका रात्रीसाठी खोली देत नसल्याचे सांगण्यात आले, तर दुसरीकडे सायकली आत ठेवता येणार नाहीत असे उत्तर मिळाले. फोंडा महालातल्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्या, हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम आधार आहे, पण तिथे पहिला हक्क महाजन-कुळाव्यांचा, म्हणजे देवस्थानाशी पिढीजात नाते असलेल्या घराण्यांचा, आणि उत्सवाच्या दिवसांत तर जागा मिळणे कठीणच. शेवटी रिवणजवळ माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या पडवीत आम्ही पथाऱ्या टाकल्या. ज्याने गोव्यात पस्तीस वर्षे शिकवलेले नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेत पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत सुमारे 240 किलोमीटरची एक सायकलवाट आहे, जी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जाते. कंबरलंडहून पुढे वॉशिंग्टनपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाने एका जुन्या कालव्याची वाट आहे. तीही सुमारे 297 किलोमीटरची. पूर्वी खेचरे कालव्यातल्या नावा ओढत ज्या पाऊलवाटेने चालत, त्याच वाटेने आज सायकली जातात. 1924 साली तो कालवा वाहतुकीला बंद झाला, आणि 1971 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे मैलाचे दगड आहेत, थोड्याथोड्या अंतरावर तंबूसाठी जागा, शौचालय आणि पाण्याचा हातपंप आहे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: कालव्याच्या दारांची राखण करणारे लोक ज्या घरांत राहत, त्यांतली काही घरे दुरुस्त करून प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने दिली जातात. आपल्या खाजनांतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींतल्या, मानशी (पाण्याची दारे) सांभाळणाऱ्या मानशेकारांचीच ती परदेशी भावंडे म्हणावीत.

मंत्रिमहोदय, आपल्याकडे तशी घरे नाहीत, परंतु शाळा आहेत. पटसंख्या घटल्यामुळे बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांच्या इमारती गावोगाव उभ्या आहेत. अशा शाळांत मी स्वतः शिकवले आहे. त्यांच्या कुलपांकडे पाहताना मला काय वाटते ते इथे लिहीत नाही. त्या इमारती बहुधा गावाच्या रस्त्यालगत आहेत, त्यांना व्हरांडा आहे, अंगण आहे आणि बहुतेक ठिकाणी विहीर किंवा नळही आहे. या वाटेवरच्या अशा चार-पाच शाळा निवडून, त्यांची डागडुजी करून, गावातल्या महिला बचतगटाकडे चालवायला दिल्या, तर प्रवाशाला चटई, स्वच्छ शौचालय आणि रात्री पेज-भाजी किंवा हुमण-शीत (माशांची आमटी आणि भात) मिळेल, आणि त्याचे पैसे गावात राहतील. मोठा ठेका काढून त्या एखाद्या हॉटेलवाल्याच्या हाती देऊ नयेत, एवढी मात्र कळकळीची विनंती आहे.

पाट्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक वळणावर एकाच रंगाची छोटी पाटी, तिच्यावर पुढच्या गावाचे नाव आणि किलोमीटर देवनागरीत व रोमीत, इतके पुरे. खाजनांच्या बांधांवर काँक्रीट घालून सायकलमार्ग करण्याची कल्पना कोणी पुढे आणली, तर कृपया ती मान्य करू नये. मातीचा बांध सायकलला चालतो, आणि तो मातीचाच असला तरच त्याची दुरुस्ती गावाला आपल्या हाताने करता येते. खनिजवाहू ट्रकांच्या पट्ट्यात मात्र पाटीने भागणार नाही. तिथे वाहतुकीच्या वेळा आधी जाहीर झाल्या, तर सायकलस्वार आपला दिवस त्याप्रमाणे आखेल.

सगळी वाट एकदम करावी असे माझे म्हणणे नाही. केरी ते रायबंदर हा पहिला टप्पा नोव्हेंबरपूर्वी होण्याजोगा आहे: दोन्ही फेरींची वेळापत्रके, तीसेक पाट्या आणि हळदोणे-मये परिसरातली एक बंद शाळा. पाच दिवसांच्या आमच्या प्रवासाची वही, प्रत्येक वळणाच्या आणि पाण्याच्या ठिकाणाच्या नोंदीसह, मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येणार असतील तर सायकलवर यावेत. मी सोबत येईन.

कळावे,
आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक, फोंडा